बर्फाचा डबा

पेपरातला तो फोटो खांबेटे सरांनी चक्क फ्रेम करून प्रयोगशाळेच्या दारापाशी लावला होता. छाती पुढे काढलेले सर, शेजारी शोभेला हेमांगी आणि वर मथळा: ‘बेडकाच्या कातडीतून रक्ताच्या कर्करोगावर औषध’.

औषध म्हणे! बेडकाच्या अंगावरचं जंतू मारणारं पेप्टाइड हेमांगीनं काचेच्या बशीतल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकलं, त्या मेल्या, एवढंच. अजून उंदरालाही टोचलं नव्हतं. आणि ज्यानं जन्मात बेडूक हातात धरला नाही, तो मुलाखती देत मिरवत होता.

तेवढ्यात उदगीरहून आलेला एक माणूस दारात उभा राहिला. हातात थर्माकोलचा डबा. “मुलीला रक्ताचा कॅन्सर आहे. औषध थंड न्यावं लागेल ना, म्हणून बर्फ घेऊनच आलो.”

“हेमांगी, यांना जरा समजाव,” म्हणत सर पसार झाले.

पळपुटा मेला, ती मनात म्हणाली. “दादा, हे अजून औषध नाही. सरांनी उगाच फुशारकी मारली. त्यांच्यावर विश्वास कशाला ठेवलात?”

“त्यांच्यावर नाही.” त्यानं फोटोतल्या हेमांगीवर बोट ठेवलं. “लेक म्हणाली, या बाई किती मनापासून हसतायत, म्हणजे खरंच असणार.”