लाल दिसेपर्यंत

त्वचेच्या डॉक्टरांनी दिगंबरच्या पोटावरची पिशवी अलगद सोडवली आणि त्यांचा चेहराच उतरला. आतड्याच्या ऑपरेशननंतर शौचासाठी पोटावर वाट काढली होती. तिच्याभोवतीची जखम पाहता पाहता तळहाताएवढी झाली होती.

"घरी साफ कोण करतं?"

"मीच," त्याची बायको उल्का म्हणाली. आवाजात अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. स्वच्छतेत तिचा हात धरणारी बाई अख्ख्या सदाशिव पेठेत सापडली नसती. "आधी औषधाचं पाणी, मग कापडाने घासून काढते. तो पिवळा थर राहूच देत नाही. खाली लाल दिसेपर्यंत सोडत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काकू, तो मळ नाही. हा जंतूंचा आजारच नाही, शरीराची प्रतिकारशक्तीच कातडीवर उलटली आहे. यात जखमेला जितकं डिवचाल तितकी ती वाढते."



डॉक्टरांनी दम्याच्या रुग्णांना देतात तसला पंप लिहून दिला. मलमाने कातडी तेलकट होते आणि पिशवी चिकटत नाही, म्हणून सूज उतरवणारं हे औषध जखमेवर नुसतं फवारायचं.

"म्हणजे पोटाला दमा झाला म्हणायचा," दिगंबर म्हणाला. कुणी हसलं नाही.

"आणि दिवाळीनंतरचं ऑपरेशन?" उल्काने कसंबसं विचारलं. आतडं पुन्हा जोडायचं, ही वाट बंद करायची, पिशवी जायची. त्या एका आशेवर दोघं दिवस ढकलत होते.

"आता तिथे कुणी सुरी लावणार नाही. जिथे कापू तिथे अशीच जखम उठेल. पिशवी कायमची, असंच धरून चाला."

घरी आल्यावर दिगंबर शर्ट वर करून पलंगावर आडवा झाला. उल्काने सलाइनची धार लांबूनच सोडली. कापड नुसतं टेकवून पाणी टिपलं आणि पंप दाबला. तो इतका लांब धरला होता की निम्मं औषध चादरीवर उडालं. नवी पिशवी चिकटवताना तिने श्वास रोखून धरला. इतक्या महिन्यांत ती अशी भीत भीत त्याच्याजवळ कधी बसली नव्हती.

दिगंबरला तिची फार दया आली. तिला जरा बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, "आज अजिबात दुखलं नाही गं."