कमी पडलेले बावीस किलो

“कुणाला खरं वाटणार नाही, पण हे कपाट मी एकट्याने सरकवलं,” म्हातारा म्हणाला, आणि कपाटाला खांदा लावून असा उभा राहिला, की जणू तो बाजूला झाला तर अख्खी इमारत कलंडेल.

कपाट लोखंडी, साडेसहा फुटी, आत कपडे आणि कागद गच्च. बारा वर्षं ते खिडकी अडवून बसलं होतं. आता ते समोरच्या भिंतीला होतं आणि दुपारचं ऊन थेट पलंगावर येऊन लोळत होतं.

लेकीने उन्हाकडे पाहिलंही नाही. तिने पिशवीतून फॉर्म काढला. वृद्धाश्रमातली एक खोली रिकामी झाली होती. पाचच्या आत होकार कळवायचा होता.

“बाबा, मागच्या महिन्यात तुम्ही बाथरूममध्ये पडलात.”

“पडलो नाही. बसलो. फरशी गार होती, बरं वाटलं. मग माझा मी उठलो.”

“आणि उठता आलं नसतं तर? हाक मारली तर ओ द्यायला आहे कोण इथे?” फॉर्मचा पहिला रकाना तिने घरूनच भरून आणला होता. एकटे राहतात का? हो. “बसा आधी. उभे काय राहिलात?”

“उभं राहायला मला काय धाड भरलीय? कपाट हललं, मी हलणार नाही.”

लेकीची नजर त्याच्या शर्टावर गेली. तिसरं बटण नवं होतं. टाके बारीक, एकसारखे. ह्याच माणसाच्या हातात चहाची कपबशी टाळ वाजवत यायची.

“हे कोणी लावलं?”

“मीच. पहिल्या झटक्यात सुई ओवली.”

थापा हा म्हाताऱ्याचा जोडधंदा. मूळ धंदा सुरुंगांचा. चाळीस वर्षं त्याने खाणीत खडक उडवले, त्यात डाव्या करंगळीचं एक पेर गेलं, आणि त्या एका पेरावर त्याने निदान शंभर गोष्टी रचल्या. एक गोष्ट मात्र लेकीला कशी सांगायची, हे त्याला महिनाभर सुचलं नव्हतं.

नात जमिनीवर मांडी घालून बसली होती. बाकीच्या मुली ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून, बघून रडायच्या, ही ते थांबवून मोजायची. नायकाने एका बुक्कीत डोंगर फोडला, की ही चित्र गोठवणार, पायथ्याशी एखादं दार शोधणार, दार सात फुटांचं धरून डोंगर मोजणार आणि बुक्कीचा जोर काढणार. मग तो आकडा इंटरनेटवर टाकून जगाशी भांडणार. दर रविवारी ती आजोबांना फोन करायची. “एवढा खडक उडवायला किती सुरुंग लागतील?” म्हातारा चौपट सांगायचा. ती चारने भागायची. दोघांचं छान चाललं होतं.

“ज्याला हे कपाट हलवता येतं,” म्हातारा गरजला, “तो दुसऱ्याने वाजवलेल्या घंटेवर जेवायला जाणार?”

लेक मुलीकडे वळली. “तूच सांग गं. तुझं ते मोजमाप लाव. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला जमेल हे?”

म्हाताऱ्याने कपाटाला खांदा आणखी घट्ट लावला.

नात उठली. तिने कपाट टेपने मोजलं, पत्र्यावर टिचकी मारली, दार उघडून आतलं सामान पाहिलं. मग बाथरूममधून वजनकाटा आणला आणि खिडकीशेजारच्या मोकळ्या भिंतीला टेकवून उभा धरला.

“या आजोबा. दाबा.”

“इकडे आण तो.”

“भिंतच लागते. या ना.”

कपाट सोडून यावं लागलं. म्हाताऱ्याने दात-ओठ खाऊन जोर लावला. मानेच्या शिरा टरारल्या. काटा अठरावर थरथरला आणि तिथेच थांबला.

“काटा बिघडलाय,” म्हातारा धापा टाकत म्हणाला.

“रिकामं कपाट सत्तर किलो. आत चाळीस. ह्या फरशीवर सरकवायला चाळीस किलोंचा तरी रेटा हवा,” नात म्हणाली. “बावीस कमी पडतात.”

“म्हणजे नेहमीसारखी थाप,” लेक म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. तिने सहीसाठी पेन उघडलं.

“आई, थांब. नायक स्वतःच्या तोंडाने काय सांगतो, ते आम्ही धरत नाही. चित्रात दिसतं तेवढंच धरतो.”

नात कपाटाकडे बघत होती. म्हाताऱ्याचा खांदा जिथे होता, तिथे. त्या बाजूला बारा वर्षांत फडकं लागलं नव्हतं. मघाशी तो फडकं शोधत होता, तेवढ्यात ह्या दोघींनी बेल वाजवली होती. तो परत तिकडे निघाला, पण अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पाय ते.

धुळीत पंजे उमटले होते. वरचे दोन रुंद, डाव्याची करंगळी तोकडी. त्यांना खेटून, वीतभर खाली, आणखी दोन. नाजूक. दहाही बोटं पुरी.

नातीने टेप लावून त्या पंजांची जमिनीपासूनची उंची घेतली.

“हे दुसरं माणूस पाच फूट, फार तर एक इंच वर,” ती म्हणाली. “आणि जोर तुमच्यापेक्षा जास्त. चार किलो.”

“बघा बुवा, भूत असेल,” म्हातारा म्हणाला. कान मात्र लाल झाले होते. लेक बटणाकडे बघत होती. एकसारख्या, बारीक टाक्यांकडे.

नातीने आईच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि पहिल्या रकान्यातल्या ‘हो’वर काट मारली.

“आजोबा खोटं बोलतायत, आई. ते इथे एकटे राहतच नाहीत.”