आईची वाढ

"शलाके, पाय फार ठणकतायत गं," आई कुरकुरली.

"वाढीचं दुखणं आहे ते, नाटकं करू नकोस!" आईचंच जुनं वाक्य तिला परत करत शलाकाने तिच्या गुडघ्यांना तेल चोळलं.

चाळिशी उलटल्यावर, पुन्हा उंची वाढावी म्हणून, आईने हाडांच्या टोकांजवळच्या मिटलेल्या कूर्चेच्या वाढपट्ट्या डॉक्टरांकडून पुन्हा उघडून घेतल्या होत्या. तेव्हापासून तिच्या सगळ्या सलवारी आखूड होत चालल्या होत्या. ज्या व्हॉलीबॉल संघाने तरुणपणी तिला बुटकी म्हणून घरी पाठवलं, त्याच संघाची आज निवड चाचणी होती.

मैदानावर आईने उडी घेतली आणि चेंडू नेटपलीकडे दाणकन आपटला. तरी निवड करणाऱ्या बाई घुटमळल्या. "ताई, वय जरा जास्तच नाही का?"

"छे हो बाई!" शलाका बाहेरून ओरडली. "वाढतं वय आहे तिचं!"

बाई खळखळून हसल्या आणि त्यांनी सर्वांत मोठ्या मापाची जर्सी आईच्या हातात ठेवली.