ताऱ्याचा मृत्यू

तारा मेला असेल, तर जोगदेवसर संस्थेचे संचालक होणार होते आणि त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी शाल्मली डॉक्टर. दोघांनी संशोधनाच्या पेपरात छापलं होतं की ताऱ्याने आधी स्वतःभोवती दाट वायू सोडला, मग तो फुटला आणि तुकडे वायूवर आदळून उजेड पडला.

आता उजेड ओसरला होता. शाल्मलीने दुर्बिणीतून आलेला नवा फोटो उघडला आणि जुन्या फोटोशी ताडून पाहिला.

"सर, तारा तिथेच आहे."

"शेजारचा असेल गं."

"तोच आहे सर. त्याने नुसते वरचे थर फेकलेत, मेला नाहीये."

सरांनी पडद्याजवळ येऊन जागा जुळवून पाहिली. मग मायेने म्हणाले, "पेपर मागे घेऊ. त्यावर पहिलं नाव माझं होतं, माघारीच्या पत्रावर तुझं घालू. आकडेमोड तुझीच होती ना?"

तारा वाचला, सरही वाचले. स्फोटाचा खर्च एकट्या शाल्मलीने भरला.