पाचव्या माळेची साडी

भिंतीवर अक्षताचा फोटो होता आणि फोटोला हार होता. झेंडूचा, आजचाच. खाली केळीच्या पानावर भात, वडे, अळूची भाजी आणि खीर वाढलेली होती.

अक्षता उंबऱ्यातच थांबली. एका हातात पिशवी, एक चप्पल पायात, एक बाहेर. आपण मेलो आहोत हे असं अचानक कळलं, तर आत जायचं की मागं फिरायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

ओट्यापाशी उभ्या सुंदराबाई वळल्या. हातातली पळी त्यांनी मारायला धरावी तशी धरली.

“कोण हाय?”

“काकू, मी अक्षता.”

सुंदराबाईंनी आधी तिचे पाय बघितले. सरळ होते. मग जवळ येऊन तिच्या दंडाला कचकन चिमटा काढला. अक्षता ओरडली तेव्हा कुठं त्यांचा विश्वास बसला, आणि मग त्यांनी तिला मिठी मारून जे रडायला सुरुवात केली ते काही केल्या थांबेना.

“सात वर्षं पितृपक्षात तुझं पान वाढतेय मी, भवाने! एक फोन करता येत नव्हता?”

करता येत नव्हता. ओढ्याला पूर आला त्या दिवशी दुपारी वाशीमहून निरोप आला होता, आई अत्यवस्थ आहे म्हणून. सुंदराबाई तेव्हा स्वयंपाकाच्या कामांवर गेल्या होत्या. अक्षताने त्यांच्या मुलीला, सृष्टीला, तेवढं सांगितलं आणि मिळेल ती गाडी धरली. दुसऱ्या दिवशी तिने टीव्हीवर आपली गल्ली पाहिली. खोल्यांच्या जागी नुसता चिखल होता. ओळखीचा एकही नंबर लागेना. कोण राहिलं, कोण गेलं, काहीच कळलं नाही. आई अंथरुणाला खिळली ती जवळजवळ सात वर्षं. आता आई गेली, हिंजवडीत एका कंपनीच्या कँटीनमध्ये काम मिळालं, आणि आज पहिल्या सुट्टीला दोन बस बदलून ती इथं आली होती.

आली होती ती पिशवीतली साडी परत द्यायला. साडी सृष्टीची होती, पिवळी.

नवरात्र तोंडावर आलं की त्या गल्लीत एकच धांदल उडायची. नऊ दिवसांचे नऊ रंग, आणि नऊ रंगांच्या नऊ साड्या कुणाकडेच नाहीत. मग अदलाबदल व्हायची, आणि हातात आलेली साडी त्याच दिवशी नेसून बघायची. सृष्टी आणि अक्षता एका मापाच्या, त्यामुळे त्यांचं ब्लाऊजसकट जमायचं. त्या वर्षी पाचव्या माळेला पिवळा होता, सहाव्या माळेला हिरवा. निघायच्या घाईतसुद्धा सृष्टीने पिवळी साडी अक्षताच्या पिशवीत कोंबली होती. “आई बरी झाली की नेस तिकडंच. फोटो पाठव.”

“सृष्टी कुठंय, काकू?”

“बेपत्ता,” सुंदराबाई म्हणाल्या. पण डोळे पुसून त्या चक्क हसल्या. “बेपत्ता म्हणजे मेली न्हाई. सगळ्यांना लांब खोल्या मिळाल्या, सगळे गेले. मी न्हाई गेले, हितंच परत पत्रे ठोकले. पोरगी परत आली तर कुठल्या दारात येईल? तिच्या नावाचं पान मी कधी वाढलं न्हाई. आणि बघ, आज तू आलीस! तू येतीस तर ती का येणार न्हाई?”

“पण काकू, माझा हा फोटो…”

“अगं, तिसऱ्या दिवशी नदीत एक बाई सापडली. तोंड बघू नका म्हणाले. मी अंगावरची हिरवी साडी बघितली, मोराच्या पदराची, आणि तुझं नाव सांगितलं. तुझं इथं कोण होतं? मीच अग्नी दिला.” त्यांनी कपाळावर हात मारला. “पुण्यात काय एकच हिरवी साडी हाय होय? कुणाची लेक होती कुणास ठाऊक. तिची आई अजून वाट बघत असंल बिचारी.”

अक्षताने पिशवी हळूच पाठीमागे सरकवली. सांगायचं नाही, तिने ठरवलं. आज नाही, कधीच नाही. ही बाई वाट बघण्यावर जगते आहे, जगू दे.

“बस, जेव,” सुंदराबाईंनी फोटोखालचं पान उचलून तिच्यापुढे ठेवलं. “तुझंच हाय.”

स्वतःच्या श्राद्धाचा पहिला घास तिने तोंडात घातला. सुंदराबाई नवरीच्या आईसारख्या घरभर फिरत होत्या. फोटो उतरवला. हार काढून देवाला वाहिला. डबा शोधून त्यात वडे भरले. “कँटीनचं खाऊन काय अंग धरणार हायस? थांब, पिशवीत ठेवते.”

“नको, काकू, मी ठेवते…”

पण हात खरकटा होता आणि पिशवी तिच्या पाठीमागून निघून गेली होती.

सुंदराबाईंनी डबा ठेवायला जागा केली आणि पिवळी साडी बाहेर आली. त्यांनी ती ओळखली. नाकाशी नेली. गालाला लावली. “माझ्या सोन्याची साडी,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं जपलीस गं.” साडीवरून त्यांचा हात फिरत राहिला. मग फिरता फिरता तो थांबला.

ओट्यावर कढी उतू जाऊ लागली. कुणीच उठलं नाही.

“अक्षता,” सुंदराबाईंनी वर न बघता विचारलं, “हिच्या बदल्यात तू तिला कुठली दिली होतीस?”