जे काही असेल ते रेकॉर्डवर

हेमचंद्र भाटवडेकरांनी पेढ्यांचा खोका उघडूनही पाहिला नाही. दारात उभ्या असलेल्या त्र्यंबक उकिडव्यांच्या हातात तो तसाच परत ठेवला, नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. सुनावणी व्हायची आहे अजून, आणि हा गृहस्थ आधीच पेढे घेऊन हजर! धिटाईला काही सीमा?

भानगड होती आंब्याच्या रसाची. उकिडवे रत्नागिरीहून हापूसच्या रसाचे डबे मागवायचे आणि शिकागोभर विकायचे. सत्याऐंशी साली एका फेडरल खात्यानं त्यांचा सगळा माल गोदामात अडकवून ठेवला. लेबलावर नियमाप्रमाणे जे छापायला हवं ते छापलेलं नाही, असं खात्याचं म्हणणं. आता गंमत अशी, की नियम करणारं खातं तेच, माल अडवणारं तेच, आणि दाद मागायची तीही त्याच्याच दारात. हा कुठला न्याय, असं कुणी म्हणू नये म्हणून खात्यातच एक न्यायाधीश बसवलेला असतो. निकाल काय द्यायचा हे त्याला वरचा साहेबसुद्धा सांगू शकत नाही. त्या कचेरीत ती खुर्ची हेमचंद्रांची होती.

खुर्चीचा त्यांना केवढा अभिमान! तिथवर पोचलेले त्या कचेरीतले ते पहिलेच भारतीय. त्यामुळे शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या मराठी घरांतून ‘आपलाच माणूस आहे, आता रस सुटणार’ अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा त्यांचं टाळकंच सणकलं. डबे सुटोत नाहीतर गोदामात पडून राहोत, भाटवडेकरांनी आपल्या माणसाला झुकतं माप दिलं असं म्हणायला कुणाला जागा मिळता कामा नये. नाहीतर इतक्या वर्षांच्या इभ्रतीवर पाणीच.

मार्चमध्ये खटल्याची पहिली तारीख पडली, तेव्हा खात्याच्या वकील मिस हॉलंड यांनी विचारलंच होतं, की आपण आणि उकिडवे एकमेकांना ओळखता का. हेमचंद्रांनी छाती पुढे काढून सांगितलं, महाराष्ट्र मंडळाचे दोघंही सभासद आहोत, एवढंच. नातंगोतं काही नाही. मिस हॉलंड म्हणाल्या, मग आमची हरकत नाही. फक्त नियम पाळायचा. एका पक्षानं दुसऱ्याच्या पाठीमागे न्यायाधीशाशी बोलायचं नाही.

हेमचंद्रांना हा नियम जीव की प्राण. आणि उकिडव्यांनी नेमकं तेच आरंभलं.

मंडळाच्या पाडव्याच्या जेवणात ते हातात ताट घेऊन शेजारी येऊन बसले. हेमचंद्र अर्धी पुरणपोळी टाकून उठले. इंडियन ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये उकिडवे गाडीपर्यंत धावत आले आणि काचेशी वाकून म्हणाले, पाच मिनिटं द्या, फार नाजूक विषय आहे. हेमचंद्रांनी काच वर केली. फोन तर विचारूच नका. आवाज ओळखला की रिसीव्हर खाली. मंडळी हसत होती, पण आपण एखाद्या मोठ्या संकटातून रोज निसटतोय अशा थाटात हेमचंद्र वावरत होते, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्यात मजाही येत होती.

मग एका रविवारी अर्बानाहून लेकीचा, मृणालिनीचा, फोन आला. ती तिथे एमएस करत होती. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं हळूच विचारलं, उकिडवेकाका भेटले का, बाबा? प्लीज, त्यांचं एकदा ऐकून घ्या ना.

हेमचंद्रांच्या अंगाचा तिळपापड झाला. उकिडव्यांचा मुलगा नंदू तिच्याच युनिव्हर्सिटीत. म्हणजे मुलाकरवी पोरीलाही गाठलं तर! शिष्टाई करायला आपलीच लेक! त्यांनी तिला चांगलं फैलावर घेतलं. ती काही सांगू बघत होती, पण त्यांनी सांगू दिलं तर ना. फोन ठेवून ते तसेच स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला, वसुधाबाईंना, ताकीद दिली. निकाल लागेपर्यंत उकिडव्यांचं नाव या घरात निघता कामा नये. जो काढेल, त्याचं नाव सुनावणीत सांगावं लागेल, मग ती माझी बायको का असेना.

वसुधाबाईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, “बरं. तिथेच ऐका काय ते.” आणि आमटी ढवळायला लागल्या. बायकोला आपलं पटलं, याचं हेमचंद्रांना मनापासून बरं वाटलं.

पेढे परत गेले त्याच आठवड्यात सुनावणी झाली. मिस हॉलंड फायलींचा ढीग घेऊन बसल्या. समोर स्टेनो बोटं सरसावून तयार. उकिडवे कोट घालून आले होते आणि घामाघूम झाले होते.

हेमचंद्रांनी घसा साफ केला. कामाला सुरुवात करण्याआधी त्यांना एक गोष्ट नोंदवायची होती. श्री. उकिडवे यांनी आपल्याशी बाहेर बोलण्याचा वारंवार प्रयत्न केला. जेवणात केला, पार्किंग लॉटमध्ये केला, टेलिफोनवर केला आणि घरी मिठाई घेऊनही केला. आपण एक अक्षरही ऐकून घेतलेलं नाही. मिस हॉलंडनी कौतुकानं मान हलवली. हेमचंद्रांना वाटलं, न्यायाधीश झालो ते याच दिवसासाठी.

“आता बोला, मिस्टर उकिडवे,” ते म्हणाले. “जे सांगायचं होतं ते इथे सांगा.”

उकिडवे उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. “सर, ते खासगी आहे हो. आत तुमच्या चेंबरमध्ये...”

“चेंबरमध्ये काही नाही. सगळ्यांसमोर, रेकॉर्डवर. शब्द न् शब्द टाइप होऊ दे.”

उकिडव्यांनी मिस हॉलंडकडे पाहिलं. स्टेनोकडे पाहिलं. रुमालानं कपाळ पुसलं, आणि आता सुटका नाही म्हटल्यावर त्यांना एकदम हसूच फुटलं.

“आमच्या नंदूनं आणि तुमच्या मृणालिनीनं फेब्रुवारीतच कोर्टात लग्न केलंय, सर. तुम्हाला सांगायला घाबरत होती पोरं, म्हणून पाडव्याला मला पुढे केलं. आपण व्याही आहोत.”