हजेरीचं पान

१९९९ साल. साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या हजेरीचं वेब-पान मी एकट्यानं, पुस्तकं वाचून बनवलं. नाव टाइप केलं की सर्व्हरवरची स्क्रिप्ट पुढं 'हजर' लावून नवं पान पाठवते. आज चाललं नाही तर काम पुण्याच्या कंपनीला जाणार होतं.

सगळ्यांची नावं चालली. माझं टाकलं, तर 'प्रबुद्ध : गैरहजर'.

च्यायला! हा शब्द स्क्रिप्टमध्ये मी लिहिलाच नव्हता. ओळ न् ओळ तपासली, सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

"सुभेदारसाहेब, मशीन येडं झालंय!"

हे काम मला देणाऱ्या सुभेदार लालासाहेबांनी पडदा वाचला आणि पलटणीतल्यासारखा पुकारा केला, "प्रबुद्ध!"

"हजर, साहेब!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

माझ्या खुर्चीकडं बघत ते म्हणाले, "कुठं गेलं रं हे पोरगं? आत्ता तर हितंच हुतं."